दवाखान्यातून आलेली खुशाली : कोल्हापूरकडच्या शिपायांच्या युद्धपत्रांची पार्श्वभूमी

कागल, गडहिंग्लज, शिरोळकडच्या घरांत जुनी लोखंडी ट्रंक उघडली, की पदकांच्या खाली कधीकधी एखादं पिवळं पडलेलं कार्ड निघतं. असं एक कार्ड मी हातात घेतलं आहे. मोडी अक्षर, शिसपेन्सिल, जेमतेम पाच ओळी. तीर्थरूपांस शिरसाष्टांग दंडवत, पत्रास कारण की, हाताला थोडे लागले आहे, दवाखान्यात आहे, काळजी करू नये, बैलजोडी विकू नये. पुढची एक ओळ काळ्या शाईनं खोडलेली. शिक्क्यात १९१५ एवढंच लागतं. घरात मोडी कुणालाच येत नव्हती, म्हणून इतकी वर्षं ते ‘आजोबांचं सरकारी कागद’ म्हणून जपलं गेलं.

मुंबई इलाख्याच्या पलटणींत मराठे अठराव्या शतकापासून आहेत. पण परमुलखातल्या इस्पितळातून घरी आठवड्याच्या आठवड्याला खुशाली येणं, हे १९१४ पासूनचं. त्या वर्षी पहिल्या महायुद्धासाठी हिंदी सैन्याच्या लाहोर आणि मेरठ डिव्हिजन फ्रान्सला उतरल्या. त्यांत बहुसंख्य पंजाबी, पठाण, गढवाली आणि गुरखे. आपल्या बाजूचे म्हणायचे तर खडकीचे सॅपर्स, म्हणजे खंदक, पूल, रस्ते बांधणारे शिपाई. २८ ऑक्टोबर १९१४ ला न्यूव्ह शापेलच्या हल्ल्यात त्यांच्या दोन कंपन्यांची दाणादाण उडाली. जखमी बोटीनं इंग्लंडला, आणि पुष्कळसे ब्रायटनला गेले. तिथं एका जुन्या राजवाड्याचंच इस्पितळ झालं होतं; स्वयंपाकघरं जातीधर्माप्रमाणे वेगवेगळी, पाण्याचे नळसुद्धा वेगळे.

खंदकात लिहायला उसंत कुठली? ती इस्पितळाच्या खाटेवर मिळाली. ज्याला लिहिता येत नव्हतं त्यानं सांगायचं, शेजारच्या खाटेवरच्यानं लिहायचं. गावी ते मास्तर नाहीतर तलाठी वाचून दाखवणार, आणि ऐकायला निम्मी आळी जमणार. म्हणजे पत्र दोघांमधलं कधीच नव्हतं. ‘खुशाल आहे’ हा शब्द या चारचौघांसाठी होता, हे लक्षात ठेवूनच तो वाचावा.

त्यात सेन्सॉरची भर पडली. मार्च १९१५ च्या सुमारास फ्रान्समधले हिंदी शिपाई आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रं लिहीत होते. त्यातली निवडक उघडून वाचली जात आणि वेचक मजकूर इंग्रजीत उतरवून अहवालाला जोडला जाई. आज ‘महायुद्धातली शिपायांची पत्रं’ म्हणून जी छापली जातात, ती बहुतेक हीच उतरवलेली टिपणं आहेत. आपण ती पुन्हा मराठीत आणतो आणि त्याला पत्र म्हणतो. शिपायाची मूळ भाषा त्यात उरलेली नसते. मराठी आवाज तर त्या संग्रहात फार थोडा आहे.

इस्पितळातल्या पत्रांचा सूर १९१५ मध्ये बदलला, तो एका निर्णयामुळे. बरा झालेला जखमी पुन्हा आघाडीवर पाठवायचा. शिपायाची समजूत वेगळी होती : एकदा रक्त सांडलं, आता घरी सोडतील. गोऱ्या जखमीला बरा झाल्यावर घरी जाऊन यायला रजा मिळे. यांचं घर समुद्रापार, त्यामुळे ती सोय नाही. वरिष्ठांची बाजू अशी, की हिंदुस्थानातून भरतीचे नवे जवान वेळेवर येत नाहीत, पलटणी अर्ध्यावर आल्या, माणसं आणायची कुठून? अडचण खरी होती. पण ती सोडवण्याचा सगळा भार ज्यानं आधीच गोळी खाल्ली त्याच्यावर टाकला गेला, आणि हे मला आजही अन्यायाचं वाटतं. धडधाकट माणूस परत जात नाही, हातपाय मोडलेलाच घर बघतो, असं पत्रांतून येऊ लागलं. अशी पत्रं अडवली जात.

याला आणखी एक गाठ होती. १९१४ च्या शेवटी हाताच्या जखमा, त्यातही डाव्या हाताच्या, जास्त दिसू लागल्या तेव्हा शिपाई स्वतःच गोळी मारून घेतात असा संशय घेतला गेला. कडक शिक्षाही झाल्या. पुढे ब्रायटनच्याच एका इस्पितळात १००० जखमा तपासून अहवाल निघाला आणि त्या संशयाला आधार सापडला नाही. अहवालाची बातमी गावापर्यंत कोण आणणार?

मराठा पलटणींचा खरा घात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, झाला. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी टायग्रिसकाठच्या कूत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात सापडल्या. त्याआधी नोव्हेंबर १९१५ च्या टेसिफॉनच्या लढाईतले जखमी टायग्रिस नदीतून उघड्या नावांवर, दिवसचे दिवस, बसऱ्याकडे आणले गेले. त्या हलगर्जीपणाची १९१७ मध्ये चौकशी आयोगानं जाहीर झाडाझडती घेतली. वेढा डिसेंबर १९१५ ला पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. मधल्या काळात घरी वाट बघणं एवढंच. कोल्हापूर संस्थानात भरतीला दरबारचा पाठिंबा होता, म्हणून ही वाट बघणारी घरं इथं थोडीथोडकी नव्हती.

१९१७ मध्येच संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं. त्याचा परिणाम दुसऱ्या महायुद्धात दिसतो. पूर्व आफ्रिकेतल्या केरेनला आणि इटलीत लढलेल्या पिढीत स्वतःच्या हातानं, बालबोधीत म्हणजे देवनागरीत लिहिणारे पुष्कळ. १९४९ ला संस्थान विलीन झालं, त्याची पलटण भारतीय सैन्यात गेली, पत्त्यावर ‘५६ एपीओ’ हा लष्करी टपालाचा पत्ता आला. १९६५, १९७१ ची अंतर्देशीय पत्रं सैनिक टाकळीसारख्या गावात अजून वाचता येतात. कारगिलच्या वेळी एसटीडी बूथवरची रांग होती, आणि आता दवाखान्यातून व्हिडिओ कॉल येतो.

मोडी मात्र शाळेतून गेली. ते कार्ड एका मोडी जाणणाऱ्यानं वाचून दाखवलं तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या सूनबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि एवढंच विचारलं, “कंचा हात ओ? डावा का उजवा?”

कार्डात ते लिहिलेलं नव्हतं.