पूर्वजशोध, ग्रामीण विदर्भातील

इंग्रजी अमदानीत हयात असलेल्या पूर्वजाचे आईवडील, भावंडे, बायका-मुले व वारस यांचा माग जन्ममृत्यूच्या नोंदी, मृत्युपत्रे आणि त्यांना लागून येणारी जमिनीची कागदपत्रे यांवरून काढण्याचे काम. विदर्भाच्या खेड्यांत ते हौसेपेक्षा गरजेपोटी अधिक होते. वारसाचा फेरफार (जमिनीच्या कागदावर वारसाचे नाव चढवणे), वाटणीचा दावा किंवा जातपडताळणी यांपैकी काहीतरी उभे राहते आणि घरातले कोणीतरी तहसिलीच्या अभिलेख कक्षाची वाट धरते. पडताळणीत अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा पुरावा मागितला जात असल्याने अर्जदाराला आजोबा-पणजोबांच्या काळात शिरावेच लागते.

शोधाला हात घालण्यापूर्वी गाव त्या वेळी कोणाच्या कारभारात होते हे ठरवावे लागते, कारण कागदांची नावेच त्यावरून बदलतात. वऱ्हाड १८५३ साली निजामाने इंग्रजांच्या ताब्यात दिले. नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा होऊन १८६१ साली मध्य प्रांतात गेले. दोन्हींचा कारभार १९०३ मध्ये एकत्र आला. तरीही वऱ्हाडात रयतवारी (कास्तकार सारा थेट सरकारात भरतो ती पद्धत) आणि नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा (आजचे चंद्रपूर) या भागांत मालगुजारी (गावाचा सारा मालगुजार भरतो आणि कुळे त्याच्या हाताखाली असतात ती पद्धत) असा भेद पुढेही राहिला, आणि मालगुजारी १९५१ साली संपली. त्यामुळे अमरावती-अकोल्याकडच्या कास्तकाराचे नाव थेट सरकारी खातेदार म्हणून सापडते, तर वर्धा नदीपलीकडच्या कुळाचे नाव मालगुजाराच्या गावाच्या जमाबंदीत, खसऱ्यात (शेतांच्या नंबरवार यादीत) किंवा बंदोबस्ताच्या, म्हणजे सारा ठरवण्याच्या वेळच्या, मिसलीत (कागदांच्या संचात) शोधावे लागते.

जन्ममृत्यूच्या नोंदीचा मुख्य आधार म्हणजे ज्याला लोक आजही ‘कोतवाल बुक’ म्हणतात ते रजिस्टर. नागपूरकडील जिल्ह्यांत गावचा कोतवाल ठरावीक दिवशी पोलीस ठाण्यावर जाऊन गावातले जन्म व मृत्यू सांगे आणि तेथे ते लिहिले जात. वऱ्हाडात हे काम गावच्या पाटलाकडे असे. कोतवाल पुष्कळदा महार समाजातला असे. गावातल्या प्रत्येक घराचे जन्ममरण ज्याच्या तोंडी माहितीवरून सरकारदरबारी पोहोचले, त्याला गावात बसायची जागा मात्र शिवेवर होती, ही गोष्ट या रजिस्टराची पाने उलटताना विसरता येत नाही. नोंद ऐकीव असल्याने तिच्यात तारीख बहुधा घटनेची नसून कळवल्याची असू शकते. नवजात बाळाचे नाव अनेकदा नसतेच. बापाचे नाव, जात, गाव आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढाच मजकूर असतो. मृत्यूच्या कारणात पटकी, देवी, हगवण, प्लेग असे मोजके शब्द येतात आणि उरलेले बहुतेक सगळे ‘ताप’ या एका शब्दात जमा होते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत, तसेच १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत मृत्यूंच्या ओळी एकाएकी दाट होतात. त्या साथीत कळवणारे आणि लिहिणारेच आजारी पडल्याने अनेक मृत्यू नोंदीबाहेर राहिले. म्हणून १९१८ नंतर एखादे नाव कागदातून नाहीसे झाले, तर मृत्यूची नोंद नाही एवढ्यावरून तो माणूस गाव सोडून गेला असे मानू नये. आजचा जन्ममृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा असून महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्याआधीच्या नोंदींना आजच्या दाखल्याची शिस्त लावून पाहणे चुकीचे ठरते.

वाचनाच्या अडचणी वेगळ्याच असतात. जुने कागद मोडीत असतात. ‘वल्द’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘जौजे’ किंवा ‘भ्रतार’ म्हणजे अमक्याची बायको, ‘बेवा’ म्हणजे विधवा, ही खूण माहीत नसली तर सासरा आणि बाप यांची अदलाबदल होते. फसली सालात (महसुलाच्या हिशेबाचे साल) ५९० आणि शकात ७८ मिळवले की इसवी सन हाती येतो, अर्थात एका वर्षाचा फरक धरूनच. आजोबाचे नाव नातवाला ठेवण्याच्या रिवाजामुळे एकाच घरात एक पिढी सोडून तेच नाव येते. अशा वेळी वय, शेताचा नंबर आणि भावांची नावे तिन्ही जुळल्याखेरीज माणूस एकच आहे असे धरता येत नाही.

मृत्युपत्रांकडून फार अपेक्षा ठेवू नये, याचे कारण कायद्यातच आहे. मिताक्षरेप्रमाणे (हिंदू वारसाहक्काची येथे चालणारी परंपरा) एकत्र कुटुंबातला अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने देता येत नसे. ती मुभा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने आली. ज्याच्याकडे स्वकष्टार्जित मिळकत होती, जो विभक्त होता किंवा ज्याला मुलगा नव्हता, अशांचीच मृत्युपत्रे मुख्यतः आढळतात, म्हणजे सावकार, मालगुजार, वकील आणि निपुत्रिक पाटील यांची. १८७० चा हिंदू मृत्युपत्र कायदा बंगाल आणि मुंबई-मद्रास शहरांपुरता असल्याने विदर्भाला त्याचा स्पर्श झाला नाही. नागपूरकडील जिल्ह्यांत १ जानेवारी १९२७ पासून हिंदूचे मृत्युपत्र लेखी आणि दोन साक्षीदारांच्या सहीचे असणे आवश्यक झाले. त्याआधी मरणाऱ्याचे तोंडी बोलणेही चालत असे. अशा तोंडी मृत्युपत्राचा ठावठिकाणा लागलाच तर तो पुढच्या दाव्यातील साक्षींत लागतो.

नोंदवलेली मृत्युपत्रे दुय्यम निबंधकाच्या (दस्तनोंदणी करणारा अधिकारी) पुस्तक क्रमांक ३ मध्ये असतात. मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक होती आणि आहे. उलट, मृत्युपत्राबाहेर दिलेले दत्तक घेण्याचे अधिकारपत्र मात्र नोंदवणे बंधनकारक होते, म्हणून निपुत्रिक घराण्यात ते आधी पाहणे शहाणपणाचे. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार जमिनीच्या व्यवहारांचे पुस्तक क्रमांक १ कोणालाही पाहता येते. पुस्तक ३ स्वतः चाळता येत नाही, परंतु मृत्युपत्र करणारा वारल्यावर कोणीही अर्ज करून नक्कल मागू शकतो आणि शोध निबंधकाचे कार्यालय घेते. मृताने लोकांना दिलेले कर्ज वसूल करण्यासाठी वारसांनी १८८९ च्या कायद्याखाली घेतलेला वारसाहक्काचा दाखला हाही सावकारी घराण्यांत मृत्युपत्राइतकाच बोलका असतो, कारण अर्जात जवळच्या नातेवाइकांची नावे द्यावी लागत.

कुटुंब खऱ्या अर्थाने उलगडते ते भांडणाच्या कागदांत. वाटणीपत्र, दत्तकाला आव्हान देणारा दावा, विधवेच्या अन्नवस्त्राची मागणी, पाटीलकीच्या वारसाचा वाद यांत वंशावळ जोडलेली असते, आणि ती विरोधी पक्षाने तपासलेली असते. सलोख्याने नांदलेल्या घराचा माग त्या मानाने अवघड. ज्यांच्याकडे वावरच नव्हते त्या मजुरांच्या आणि बलुतेदारांच्या घरांसाठी कोतवाल बुक व शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर यांपलीकडे फारसे काही हाती लागत नाही. तीर्थोपाध्यायांच्या वह्या आणि काही जातींच्या भाटांच्या पोथ्या पिढ्या सांगतात, परंतु त्यांतील साले इतर कागदांशी ताडून पाहावीत. कामठीसारख्या छावणीतील युरोपियन व ख्रिस्ती घराण्यांची वाट निराळी : तेथील फौज मद्रास इलाख्याची असल्याने बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नकला मद्रासच्या दप्तरात गेल्या.

सर्वांत विरळ धागा मुलींचा असतो. जन्मनोंदीत त्या निनावी असतात आणि सासरी गेल्यावर नाव बदलून कोणाच्या तरी ‘जौजे’ म्हणून परततात. माहेरच्या कागदात त्यांचा उल्लेख आढळलाच, तर तो भावांच्या वाटणीपत्रात चोळीबांगडीसाठी राखून ठेवलेल्या एखाद्या तुकड्याच्या ओळीत आढळतो.