हवामानबदलाविषयीची लोकशंका (खानदेश)

पृथ्वी तापते आहे, समुद्राची पातळी वाढते आहे, ऋतू सरकत आहेत, या म्हणण्यात तथ्य किती, त्याला माणूस किती जबाबदार आणि त्याचा आपल्या शेताशी संबंध काय, याविषयी जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतील लोकांत चालत आलेली चर्चा. ती पारावर, आठवडे बाजारात, कृषी सेवा केंद्राच्या बाकावर आणि केळीच्या बागेत पाणी भरताना चालते. तिला संघटना नाही, पुढारी नाही. ‘पहिलेबी आसंच व्हये’ (पूर्वीही असेच व्हायचे) हे अहिराणी वाक्य तिचा गाभा सांगते. हवा बदलली हे बहुतेक शेतकरी स्वतःहून बोलून दाखवतात. अडते ते कारणापाशी आणि आकड्यापाशी. त्यामुळे या नोंदीत ‘नकार’ऐवजी ‘शंका’ हा शब्द वापरला आहे.

शब्दाची अडचण. वादाचा एक भाग निव्वळ भाषेतून उभा राहतो. इंग्रजीत वेदर आणि क्लायमेट असे दोन वेगळे शब्द आहेत. मराठीत रोजच्या बोलण्यात दोहोंना ‘हवामान’ हाच शब्द आहे. मराठी विश्वकोशाने दीर्घकालीन स्थितीसाठी ‘जलवायुमान’ हा शब्द योजला, पण तो गावापर्यंत पोचला नाही. त्यामुळे ‘उद्याचा पाऊस यांना सांगता येत नाही, मग शंभर वर्षांनंतरचे काय सांगतात?’ हा प्रश्न ऐकणाऱ्याला बिनतोड वाटतो. उत्तर शेतीतूनच देता येते. अमुक दिवशी अमुक शेतावर सर येईल की नाही हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही, पण आषाढात चैत्रापेक्षा जास्त पाऊस पडेल, याविरुद्ध पैज लावायला कुणी पुढे येत नाही. पहिली गोष्ट वेदर, दुसरी क्लायमेट.

आठवणीचा आधार. खानदेश हा मुळातच उन्हाचा मुलूख. भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांपुढे जाणे ही आजची गोष्ट नाही आणि दुष्काळही नवा नाही. १८९६-९७ चा दुष्काळ, पाठोपाठ १८९९-१९०० चा, ज्याला विक्रम संवत १९५६ वरून छप्पनचा दुष्काळ म्हणतात, आणि १९७२ चा, ज्याची आठवण सांगणारी माणसे अजून घराघरांत आहेत. सुकडी, खडी फोडण्याची कामे, रोजगार हमी, हे सारे त्या आठवणीत आहे. ज्याने आजोबांकडून छप्पनचे आणि वडिलांकडून बहात्तरचे वर्णन ऐकले, त्याला ‘यंदा अभूतपूर्व’ ही मथळ्यातली भाषा पोकळ वाटते. हा त्याचा दोष मानणे अन्यायाचे होईल. १८९९ आणि १९७२ ही दोन्ही वर्षे एल निनोची होती. पॅसिफिक महासागराचे पाणी तापले की आपला मान्सून अडखळतो, हे चक्र खरे आहे आणि ते माणसाने सुरू केलेले नाही.

मात्र चक्र आहे म्हणून चढ नाही असे ठरत नाही. झोका पुढे-मागे जात असतानाच तो टांगलेली फांदी वर सरकत असेल, तर दोन्ही हालचाली एकाच वेळी खऱ्या असतात. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सियसने वाढले. १९५१ ते २०१५ या काळात मान्सूनचा पाऊस देशात सुमारे ६ टक्क्यांनी घटला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की, गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या मध्य भारतीय पट्ट्यात विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ दरम्यान सुमारे तिपटीने वाढल्या. ‘पाणी तितलंच, पन दिन कमी झायात’ असे म्हणणारा शेतकरी पाऊस थोड्या दिवसांत एकवटल्याचेच त्याच्या बोलीत सांगत असतो. आकडेशास्त्र आणि अनुभव इथे एकमेकांच्या फार जवळ येतात. वाद रंगवणारे दोन्ही बाजूंचे लोक या जागेवर थांबत नाहीत, हे खेदाचे आहे.

हवेतील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल याचे पहिले गणित स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियसने १८९६ मध्ये प्रसिद्ध केले, म्हणजे खानदेशात दुष्काळ पडला त्याच वर्षी. ‘हे अलीकडचे खूळ आहे’ या आक्षेपाला हे साल पुरेसे उत्तर आहे. हवाईतील मौना लोआ येथे १९५८ पासून या वायूची सलग मोजणी होते. तेव्हा दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग असलेले प्रमाण आता ४२० च्या वर गेले आहे.

झाडे आणि पवनचक्क्या. ‘झाडे तोडली म्हणून पाऊस गेला’ हे सर्वाधिक ऐकू येणारे स्पष्टीकरण. सातपुड्याच्या उघड्या पडलेल्या डोंगरांकडे पाहून ते कुणालाही पटते आणि त्यात सत्याचा मोठा अंश आहे. जंगल गेले की माती वाहते, झरे आटतात, भूजल उतरते, भोवतालची हवा तापते. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील बारीपाडा गावाने उलट दिशेने हे सिद्ध केले. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने आदिवासी ग्रामस्थांनी सुमारे ४४५ हेक्टर जंगल स्वतःचे नियम लावून, दंड ठरवून राखले आणि गावाच्या विहिरींना पाणी आले. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. परंतु बारीपाड्याचे यश कधी कधी चुकीच्या जागी वापरले जाते. गावाने झाडे राखली तर गावचे पाणी परतते, हे खरे. त्यावरून कोळशाचा धूर निर्दोष ठरत नाही. स्थानिक कारण आणि जागतिक कारण एकाच शेतावर एकाच वेळी काम करतात.

पवनचक्क्यांची गोष्ट वेगळी. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल परिसरात पवनचक्क्या मोठ्या संख्येने उभ्या राहिल्या. त्यांची पाती ढग पळवतात, अशी समजूत महाराष्ट्रातल्या पवनऊर्जेच्या पट्ट्यांत पसरली. या म्हणण्याला आधार नाही. पात्याचे टोक जमिनीपासून शे-दीडशे मीटरवर फिरते, तर पाऊस देणारे ढग कित्येक किलोमीटर उंचीचे असतात आणि त्यांना लागणारी वाफ शेकडो किलोमीटरवरून वाहत येते. शिवाय चक्की वारा ढकलत नाही, वाऱ्यातली थोडी ऊर्जा काढून घेते. तरीही ही समजूत हसण्यावारी नेऊ नये. आपल्या टेकड्यांवर बाहेरची माणसे आली, रस्ते झाले, वीज दुसरीकडे गेली आणि नेमके त्याच वर्षांत पावसाने दगा दिला, तर बोट यंत्राकडेच वळणार. तक्रारीचा खरा विषय जमीन आणि मोबदला हा होता. ढगांची भाषा तिला नंतर मिळाली.

मोजणाऱ्यावरचा विश्वास. या लेखकाच्या मते खानदेशातील शंकेचे सगळ्यात खोल मूळ इथे आहे, म्हणून या मुद्द्यावर थोडे अधिक लिहिणे भाग आहे. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या केळीपट्ट्यात हवामानाधारित फळपीक विमा आहे. हिवाळ्यात पारा ठराविक अंशाखाली सलग काही दिवस राहिला, उन्हाळ्यात ठराविक अंशावर राहिला किंवा वादळी वारा झाला, तर भरपाई मिळते. हे सारे ठरते महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदीवर. थंडीने केळीवर चरका पडलेला डोळ्यांना दिसतो, पाने पिवळी पडतात, घड अडकतो, पण मंडळाच्या केंद्रावर पारा अर्धा अंश वर राहिला असेल तर कागदावर थंडी पडलेलीच नसते. केंद्र आणि शेत यांत काही मैलांचे अंतर असू शकते. नदीकाठचा खोलगट मळा आणि गावठाणाजवळची उघडी जागा यांची रात्र सारखी नसते.

ज्याचे वर्षाचे उत्पन्न त्या अर्ध्या अंशावर गेले, त्याला पुढच्या आठवड्यात कुणी येऊन सांगितले की शंभर वर्षांत तापमान एक अंशाने वाढले, तर तो काय म्हणेल? ‘तुमनं यंत्र आमले माहीत शे’ (तुमचे यंत्र आम्हाला माहीत आहे). ही शंका विज्ञानाविषयीची वाटते, पण ती व्यवहाराची आहे. तिचे उत्तर व्याख्यानाने मिळणार नाही. केंद्रे वाढवणे, ती योग्य जागी बसवणे आणि नोंदी गावात रोज उघड लावणे, हाच त्यावरचा उपाय. जागतिक सरासरी एका यंत्रावर ठरत नाही, ती हजारो केंद्रे, जहाजे, तरंगक आणि उपग्रह यांच्या नोंदींतून निघते आणि एकाची चूक दुसऱ्याने पकडली जाते, हे सांगायला हवे. पण आधी मंडळातले यंत्र नीट हवे.

असा विश्वास कसा उभा राहतो याचा नमुना याच मातीत आहे. पांझरा नदीवरील फड पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी शेकडो वर्षे फडांना, म्हणजे शेतांच्या सलग गटांना, वाटले गेले. पाणी सोडणारा पाटकरी गावाने नेमलेला, त्याचे काम सर्वांच्या डोळ्यांसमोर, आणि टंचाईत कोणता फड भिजवायचा हे एकत्र बसून ठरायचे. मोजमाप गावाचे होते, म्हणून ते मान्य होते.

दोष कुणाचा. सुशिक्षितांत एक वेगळा आक्षेप ऐकू येतो. धूर श्रीमंत देशांनी सोडला आणि संयम आम्ही पाळायचा का? हा आक्षेप विज्ञानाला धक्का लावत नाही, उलट ते गृहीत धरतो. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेतून अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्येच तो ठामपणे मांडला होता. आजही भारतीयाचे दरडोई कार्बन उत्सर्जन अमेरिकी माणसाच्या तुलनेत अगदी लहान आहे. खानदेशात हा प्रश्न दूरचा नाही. भुसावळजवळ दीपनगरचे कोळशावरचे वीजकेंद्र आहे आणि साक्रीत महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौरप्रकल्प २०१३ पासून आहे. दोन्हींतून इथल्या घरांत दिवा लागतो.

‘शास्त्रज्ञांनीच चूक कबूल केली’ असेही सांगितले जाते. हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील, असे विधान आंतरशासकीय हवामानबदल मंडळाच्या (आयपीसीसी) २००७ च्या अहवालात शिरले होते. २००९ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक व्ही. के. रैना यांच्या चर्चापत्रानंतर त्यावर वाद झाला आणि जानेवारी २०१० मध्ये मंडळाने चूक मान्य केली. रैनांना अवैज्ञानिक ठरवण्याची घाई तेव्हा झाली, ती गैर होती. पण मागे घेतले गेले ते सालाचे विधान. हिमनद्या आटत असल्याची निरीक्षणे कायम राहिली.

समुद्र. ‘आमना आठे समुद्र कोठे शे?’ (आमच्या इथे समुद्र कुठे आहे?) हा अखेरचा आणि वरवर अजिंक्य प्रश्न. जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटर उंच आहे. तो आकडा रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या फलकावर, गावाच्या नावाखाली लिहिलेला असतो. फलक रोज पाहणाऱ्याच्या मनात क्वचितच येते की ‘समुद्रसपाटी’ ही डोळ्यांना दिसणारी गोष्ट नाही. किनाऱ्यावरच्या भरतीमापकांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींची ती सरासरी आहे. मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून अशी नोंद होते.

सुरतेकडे जाऊन आलेले लोक म्हणतात की तिथे दिवसातून दोनदा पाणी कित्येक मीटर चढते-उतरते, मग वर्षाला तीन-चार मिलिमीटर कुणाला कळणार? एका दिवसात कळत नाही, हे बरोबर. विहिरीचे पाणी मोटार चालू-बंद होईल तसे हलते, तरी दर वर्षी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) दोर सोडून पाहणाऱ्याला दहा वर्षांत कळते की तळ किती जवळ आला. १९९३ पासून उपग्रह हेच काम साऱ्या महासागरांवर करत आहेत. १९०१ ते २०१८ या काळात जगाची समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली आणि २००६ ते २०१८ दरम्यान वाढीचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटरपर्यंत गेला. उत्तर हिंदी महासागरात तो १९९३ ते २०१७ या काळात ३.३ मिलिमीटर होता.

पेल्यातला बर्फ वितळला तरी पाणी सांडत नाही, हा शाळेतला दाखला काही जण देतात. तरंगत्या बर्फापुरता तो अचूक आहे. ग्रीनलंड, अंटार्क्टिका आणि पर्वतांवरचा बर्फ मात्र जमिनीवर बसलेला आहे. तो वितळला की पेल्यात बाहेरून पाणी पडते. शिवाय तापलेले पाणी फुगते. १९७१ नंतरच्या वाढीचा जवळपास निम्मा भाग या फुगण्याचाच आहे.

आणि खानदेशाचा समुद्र तापीच्या शेवटी आहे. मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावून ७२४ किलोमीटर वाहणारी ही नदी सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. तिच्या वाटेनेच पिढ्यान् पिढ्या खानदेशी माणूस कापडगिरण्या आणि लूमच्या कामाला सुरतेला गेला. सुरतेच्या उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत घराघरांत अहिराणी ऐकू येते. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या खोऱ्यात अतिवृष्टी झाली, सुरतेच्या वरच्या अंगाला असलेल्या उकाई धरणातून सुमारे ९ लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडावे लागले आणि सुरत बुडाली. ९ तारखेला राखीपौर्णिमा होती, म्हणजे समुद्राला उधाणाचे दिवस. नदीचे पाणी घ्यायला समुद्र मोकळा नव्हता.

शंका घेणारे सांगतात की तो पूर धरण उशिरा रिकामे केल्याचा होता, समुद्र वाढल्याचा नव्हता. जलाशयाच्या नियोजनावर टीका झाली आणि ती योग्य होती. धरणामागे गाळ अडतो, त्यामुळे मुखाकडची जमीन झिजते, हेही मान्य करावे लागते. तरीही नदीच्या तोंडाशी उभे असलेले पाणी जितके उंच, तितका पूर ओसरायला वेळ अधिक, आणि तो थर दर दशकाला तीन-चार सेंटिमीटरने वर येतो आहे. पावसाळ्यात तापीवरच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की भुसावळकडचे लोक सुरतेतल्या भावाला, लेकीला फोन लावतात. ते पाणी आधी उकाईत पोचणार असते, मग तिच्या दारात.