स्वतःचे काम ऑनलाइन समूहात मांडताना: संशयाची पार्श्वभूमी

एखाद्याने महिनोन्‌महिने खपून एक छोटे सॉफ्टवेअर तयार करावे, त्याच विषयावर रोज चर्चा करणाऱ्या ऑनलाइन समूहात त्याची माहिती द्यावी आणि काही मिनिटांत ती ‘जाहिरात’ म्हणून काढून टाकली जावी, हा अनुभव आज अनेकांच्या वाट्याला येतो. असे झाले की राग साहजिकच मॉडरेटरवर, म्हणजे समूहातील नोंदींवर देखरेख करणाऱ्यावर निघतो. मात्र ज्या नियमामुळे ही माहिती उडते, तो कोणा एका मॉडरेटरच्या आकसातून आलेला नाही. तो कामाचा दर्जा पाहत नाही, मांडणाऱ्याचे वर्तन मोजतो, आणि असे मोजण्याची सवय या समूहांना का लागली, हे समजण्यासाठी बरेच मागे जावे लागते.

मे 1978 मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीतील गॅरी थुर्क यांनी कंपनीच्या नव्या यंत्रांच्या कॅलिफोर्नियातील प्रात्यक्षिकाचे निमंत्रण इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या आर्पानेटवरील सुमारे 400 जणांना एकाच वेळी पाठवले. पत्त्यांची यादी इतकी लांबली की त्यांतले काही पत्ते थेट मजकुरातच सांडले. आर्पानेट हे अमेरिकी सरकारच्या पैशावर, सरकारी कामापुरते चालणारे जाळे असल्याने व्यवस्थापनाने हा नियमभंग ठरवून कडक समज दिली. त्या संदेशातून लाखो डॉलरची विक्री झाली, असे थुर्क पुढे सांगत असत, म्हणजे निमंत्रण कोणाच्याच उपयोगाचे नव्हते असेही नाही. आक्षेप होता तो दुसऱ्याच्या खर्चावर स्वतःचा माल पुढे करण्याला.

खर्चाचा हा मुद्दा यूजनेट या विषयवार चर्चागटांच्या जाळ्यावर अधिकच ठळक झाला. ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांनी 1979 मध्ये कल्पिलेली ही व्यवस्था सुरुवातीला टेलिफोनच्या तारांवरून एका संगणकाकडून दुसऱ्याकडे संदेश पोहोचवत असे आणि फोनचे बिल त्या त्या विद्यापीठाला किंवा संस्थेला भरावे लागे. संदेश पाठवण्याच्या एका प्रचलित प्रोग्रॅममध्ये शेवटची कळ दाबण्यापूर्वी पडद्यावर एक ताकीद येई: हा संदेश जगभरातील हजारो यंत्रांवर जाणार आहे, त्यापायी शेकडो, कदाचित हजारो डॉलर खर्च होतील, आपण काय करत आहोत हे तुम्हाला नक्की ठाऊक आहे ना? नव्या उत्पादनांच्या घोषणांसाठी तिथे मॉडरेटरच्या देखरेखीखालचा वेगळा गटही होता, त्यामुळे ‘आपले काम सांगूच नका’ असा दंडक कधीच नव्हता. ते ठरलेल्या जागी आणि थोडक्यात सांगावे, एवढीच अपेक्षा होती.

याच वातावरणात ऑगस्ट 1991 मध्ये तीन आठवड्यांच्या आत दोन संदेश आले. 6 ऑगस्टला टिम बर्नर्स-ली यांनी हायपरटेक्स्टविषयीच्या, म्हणजे दुव्यांनी एकमेकांना जोडलेल्या मजकुराविषयीच्या गटात वर्ल्ड वाइड वेबची माहिती दिली, तीही स्वतंत्र घोषणा म्हणून नव्हे, तर अशा प्रकारचे काम कुठे चालू आहे का, या एका सदस्याच्या प्रश्नाला उत्तर म्हणून. 25 ऑगस्टला हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने मिनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम वापरणाऱ्यांच्या गटात लिहिले की आपण एक मोफत ऑपरेटिंग सिस्टीम (पुढे लिनक्स म्हणून ओळखली गेलेली) तयार करत आहोत, ती केवळ छंद म्हणून आहे आणि फार मोठी होणार नाही. मिनिक्समध्ये तुम्हाला काय आवडते आणि काय खटकते, ते सांगा, असेही त्याने विचारले. आज हे विनयाचे नमुने म्हणून दाखवले जातात. मला त्यांतले दुसरेच काही महत्त्वाचे वाटते: एकाने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिले, दुसऱ्याने स्वतःच प्रश्न विचारला, म्हणजे दोघांनीही चालू असलेल्या बोलण्यात भर घातली. त्यानेही सगळे सुरळीत झाले असे नाही. पुढच्याच जानेवारीत मिनिक्सचे कर्ते अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी त्याच गटात ‘लिनक्स कालबाह्य आहे’ असा शेरा मारून मोठा वाद पेटवला. पण निदान तो वाद कामाच्या गुणदोषांवर झाला.

एप्रिल 1994 मध्ये अॅरिझोनातील लॉरेन्स कॅंटर आणि मार्था सीगल या वकील दांपत्याने ग्रीन कार्ड लॉटरीसंबंधीची आपली जाहिरात यूजनेटच्या हजारो गटांत, विषयाचा कसलाही संबंध न पाहता टाकली. टीका झाल्यावर माफी मागण्याऐवजी इंटरनेटवरून पैसा कसा मिळवावा यावर त्यांनी पुस्तकच लिहिले. पुढच्याच वर्षी, एप्रिल 1995 मध्ये, व्यापारी वापराला मज्जाव असलेले एनएसएफनेट हे सरकारी जाळे बंद झाले आणि उरलासुरला अडसरही गेला. संदेश रद्द करणाऱ्या स्वयंसेवकांनी मग एक गणित बसवले. एक संदेश जितक्या गटांत टाकला असेल त्या संख्येचे वर्गमूळ काढायचे, अशा सर्व प्रतींच्या वर्गमुळांची बेरीज करायची आणि 45 दिवसांत ती 20 वर गेली की संदेश उडवायचा. सेथ ब्राइडबार्ट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या निर्देशांकात मजकूर काय आहे याला मुद्दामच स्थान नव्हते, कारण मजकूर पाहून निर्णय घेतला असता तर सेन्सॉरशिपचा आरोप झाला असता. आजच्या नियमांचे मूळ मला इथे दिसते.

2005 मध्ये सुरू झालेल्या रेडिटवर हाच मोजमापाचा विचार नवास एक या ठोकताळ्याच्या रूपात रुजला: स्वतःचा एक दुवा द्यायचा तर इतर नऊ नोंदी स्वतःशी संबंध नसलेल्या हव्यात. गंमत अशी की सुरुवातीच्या काळात जागा गजबजलेली दिसावी म्हणून खुद्द संस्थापकच बनावट नावांनी दुवे टाकत होते, हे सहसंस्थापक स्टीव्ह हफमन यांनीच पुढे सांगितले. या ठोकताळ्याचा एक परिणाम ठरलेलाच होता. जो सराईत प्रचारक आहे तो नऊ पोकळ प्रतिक्रिया सहज टाकतो. जो वर्षभर निमूट वाचत आला आहे आणि आता प्रथमच काही दाखवू पाहतो, तो मात्र अडकतो.

2007 मध्ये सुरू झालेल्या हॅकर न्यूज या तंत्रज्ञानविषयक चर्चास्थळाने, पुढे ‘शो एचएन’ या नावाखाली, स्वतःचे काम दाखवायला रीतसर वाट करून दिली. दाखवायची वस्तू इतरांना प्रत्यक्ष वापरून पाहता आली पाहिजे, नुसते नोंदणीचे पान चालणार नाही आणि मित्रांना मते द्यायला सांगायचे नाही, अशा तिच्या अटी आहेत. त्याच 2007 च्या एप्रिलमध्ये ड्रू ह्यूस्टन यांनी तिथे ड्रॉपबॉक्स ही फाइली ऑनलाइन साठवण्याची सेवा दाखवली, तेव्हा एका सदस्याने हे काम लिनक्सवर एफटीपी खाते (फाइली पाठवण्याची सोय) आणि एसव्हीएन (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारा प्रोग्रॅम) वापरून सहज करता येते, असे सुचवले. त्या प्रतिक्रियेची पुढे बेसुमार थट्टा झाली, पण मुळात ती सभ्य आणि मुद्देसूद होती. अशी तपशीलवार हरकत मिळणे हेच खरे तर काम मांडण्याचे फळ आहे.

मराठीतही हा प्रश्न नवा नाही. 1996 पासून चालू असलेल्या मायबोली या संकेतस्थळावर जाहिरातींसाठी वेगळा विभाग ठेवला गेला. सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दिवाळीच्या फराळाची ऑर्डर घेणाऱ्या काकूंना जे ऐकावे लागते, ते याहून निराळे नाही. तिथे वर्गमूळ काढत नाहीत एवढेच.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांमुळे एका संध्याकाळी चालते अॅप उभे राहते आणि ते दाखवणाऱ्यांची रांग वाढली आहे. बिनपगारी मॉडरेटरला प्रत्येक अॅप उघडून पाहणे शक्य नसते, म्हणून कित्येक समूहांनी स्वतःच्या कामासाठी आठवड्यातून एक दिवस किंवा एकच सामाईक धागा ठरवून दिला आहे. त्या धाग्यावर येणारे बहुतेक जण स्वतःचे काम दाखवायलाच आलेले असतात, आणि ज्या वाचकांसाठी ही सगळी खटपट केली ते नेहमीच्या चर्चेतच बसलेले असतात.