वळचणीपासून शटरपर्यंत : घरचिमणीच्या शेजाराची पार्श्वभूमी

मार्च सरत आला की आमच्या घरात एक नियम न सांगता लागू व्हायचा : पुढच्या खोलीतला पंखा कुणी लावायचा नाही. आजोबांच्या तसबिरीमागे चिमणीनं काड्या आणायला घेतलेल्या असायच्या. जुन्या तसबिरी वरून पुढे झुकवून टांगत. त्यामुळे मागे पाचरीसारखी जागा राहायची आणि ती जागा चिमणीला दर वर्षी बरोबर सापडायची. खाली जमिनीवर गवत, पिसं, केरसुणीच्या काड्या, सुतळीचे तुकडे. आई दिवसातून तीनदा केर काढायची, पण घरट्याला हात लावायची नाही. भिंतीवरच्या आरशाला फडकं बांधावं लागे, कारण विणीच्या दिवसांत चिमणा आरशातल्या चिमण्याला परका समजून दमेपर्यंत चोची मारत बसायचा.

चाळिशी ओलांडलेल्या कितीतरी मराठी माणसांकडे अशी एखादी आठवण निघते. दुसरे पक्षी पाहायला पहाटे उठून रानात जावं लागतं. हा मात्र ताटातला भात टिपायला यायचा. तो आपल्या इतक्या जवळ आला कसा, हे पाहायला लागलं की गोष्ट शेतीच्या सुरुवातीपर्यंत मागे जाते.

पश्चिम आशियात सुमारे अकरा हजार वर्षांपूर्वी माणूस गहू आणि सातू पेरू लागला, कापणी करून साठवू लागला. साठवण आली की सांडलवंड आली. हंगाम संपल्यावरही वस्तीभोवती दाणे मिळतात म्हटल्यावर काही चिमण्या तिथेच थांबल्या, घरांच्या भोकांत वीण करू लागल्या. जिथे शेती गेली तिथे त्या गेल्या. या बदलाआधी चिमणी कशी जगत असेल, याचा अंदाज आजही बांधता येतो. मध्य आशियात घरचिमणीची एक उपजात अशी आहे की ती माणसाच्या घरादाराजवळ राहत नाही, रानगवताच्या बिया खाते आणि हिवाळ्यात पाकिस्तान आणि वायव्य भारतात उतरते. २०१८ साली संशोधकांनी या रानटी चिमणीची आणि घरचिमणीची जनुकं ताडून पाहिली. मोठा फरक दोन ठिकाणी सापडला : कवटीचा आकार ठरवणाऱ्या जनुकात आणि पिष्ट पचवणाऱ्या जनुकात. शेतातला दाणा रानातल्या बीपेक्षा टणक आणि पिठूळ, त्यामुळे चोच-कवटी आणि पोट दोन्ही बदललं असावं. माणसाळलेल्या कुत्र्यांमध्येही पिष्ट पचवण्याची ताकद अशीच वाढलेली दिसते. कुत्र्याला आपण जवळ केलं. चिमणीला कुणी पाळलं नाही, पिंजऱ्यात कोंडलं नाही, तरीही आपल्या अन्नानं तिचं शरीर बदललं. ही गोष्ट वाचली तेव्हा मी बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसलो होतो.

आपल्याकडची जुनी घरं तर चिमणीसाठीच बांधल्यासारखी होती. कौलारू छपराखालची वळचण, वासे जिथे भिंतीवर टेकतात तिथल्या फटी, मातीच्या भिंतीतले कोनाडे, आढ्याला टांगलेली शिंकी. अंगणात बायका सुपानं धान्य पाखडायच्या, तांदूळ निवडायच्या, आणि कण्या-कोंडा चिमण्यांच्या वाट्याला जायचा. खळ्यावर मळणी-उफणणी झाली की महिनाभर त्यांची चंगळ. कोकणात नव्या भाताच्या लोंब्या दाराला बांधतात, घाटावर ज्वारीची कणसं ओसरीला टांगतात, आणि दोन्हीकडे चिमण्या त्यांवर लोंबकळून दाणे काढतात.

पण हा शेजार नुसता मायेचा होता असं म्हणणं खरं नाही. ज्वारी हुरड्यात आली की तोच शेतकरी माळ्यावर चढून दिवसभर राखण करायचा, गोफण फिरवायचा, पत्र्याचे डबे वाजवायचा. शेतात हाकायचं आणि दारात कणीस टांगायचं, हे एकाच माणसाच्या हातून व्हायचं आणि त्यात त्याला काही विसंगत वाटत नसे. मुलाला भरवताना एक घास चिऊचा असतोच. चिऊ-काऊच्या गोष्टीत मेणाचं घर चिमणीचं आणि पावसात वाहून जाणारं शेणाचं घर कावळ्याचं. चिमण्या धुळीत न्हाऊ लागल्या की पाऊस जवळ आला, असं गावोगाव मानतात. धुळीतली ही आंघोळ पिसांतले बारीक जीव आणि जादा तेल काढण्यासाठी असते.

धान्य खाणारी म्हणून तिच्यावर राग धरणाऱ्यांना एक गोष्ट उशिरा कळली : पिल्लांना चिमणी मुख्यतः अळ्या आणि किडे भरवते. चीनमध्ये १९५८ साली उंदीर, माश्या आणि डासांच्या जोडीनं चिमणीलाही (तिथली झाडचिमणी, घरचिमणीची जवळची नातलग) शत्रू ठरवलं गेलं. लोकांनी थाळ्या-ढोल बडवून चिमण्यांना बसूच दिलं नाही. उडून उडून थकलेल्या चिमण्या खाली पडल्या आणि अगणित मेल्या. पुढे पिकांवर किडीचा जोर झाला. १९६० मध्ये यादीतून चिमणीचं नाव काढून त्या जागी ढेकूण घालावे लागले. त्या वर्षांतल्या दुष्काळाला इतर कारणंही मोठी होती, पण चिमण्यांच्या संहारानं नुकसानीत भर घातली. याच्या उलट, शंभरेक वर्षं आधी, १८५१-५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये लोकांनी इंग्लंडहून मुद्दाम चिमण्या मागवून सोडल्या होत्या. त्या सगळ्या खंडभर पसरल्या.

मुंबईचं चिमणीशी असलेलं नातं भारतातल्या पक्षिशास्त्राच्या मुळाशी आहे. खेतवाडीत वाढलेल्या सलीम अली नावाच्या मुलाला मामांनी छऱ्यांची बंदूक दिली होती. १९०८ च्या सुमारास त्यानं मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कुठली चिमणी, हे विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. ही संस्था १८८३ ची. तिथले सचिव मिलार्ड यांनी ती पीतकंठी रानचिमणी असल्याचं सांगितलं आणि पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे कप्पे उघडून दाखवले. त्याहीआधी, लहानपणीच, चेंबूरच्या तबेल्यातल्या एका घरट्याबद्दल सलीम अलींनी टिपण केलं होतं. घरट्यावर पहारा करणारा चिमणा मारला की थोड्याच वेळात मादीजवळ दुसरा नर हजर. सात दिवसांत असे आठ नर मारले गेले. आज वाचताना अंगावर काटा येतो. पण घराजवळच्या, सगळ्यांनी रोज पाहिलेल्या पक्ष्याकडे नीट लक्ष देऊन पाहण्याची सुरुवात त्या टिपणात दिसते, आणि पुढे तोच माणूस पक्षी वाचवण्यासाठी उभा राहिला.

मग चिमण्या गेल्या कुठे? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील पक्ष्यांच्या स्थितीच्या अहवालानुसार देशभराचा विचार केला तर पंचवीस वर्षांत चिमणी साधारण टिकून आहे. घट आहे ती मोठ्या शहरांत, आणि त्यात मुंबई आहे. म्हणजे शहरातल्या माणसाला जाणवलेली उणीव खरी आहे, पण ‘चिमणी संपली’ हे म्हणणं खरं नाही. कुठल्याही तालुक्याच्या गावी बाजार समितीत पोत्यांच्या थप्प्यांवर पाहा. मोबाइलच्या मनोऱ्यांवर सगळा दोष टाकण्याची आपल्याकडे सवय झाली आहे, मात्र तो संबंध संशोधनातून पक्का झालेला नाही. मला स्वतःला जास्त पटतात ती डोळ्यांसमोर घडलेली कारणं. कौलं जाऊन स्लॅब आले, फटी लिंपल्या गेल्या. धान्य निवडलेलं, पाकिटबंद येऊ लागलं, त्यामुळे पाखडणं थांबलं. परसातली बोर, मेंदी, कुंपणाची झुडपं गेली, मोकळ्या मातीवर फरशी आली आणि पिल्लांच्या अळ्याही त्यांच्याबरोबर गेल्या.

नव्या इमारतींच्या कठड्यांवर आणि वातानुकूलन यंत्रांच्या मागे जागा झाली ती कबुतरांना. ते मूळचे कड्याकपारींतले, त्यामुळे सरळ उंच भिंत त्यांना परकी नाही. लोकांनी पोत्यानं दाणे टाकले आणि त्यांची संख्या फुगत गेली. विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीनं फुप्फुसांचा गंभीर विकार होतो, या कारणानं २०२५ साली मुंबईतले कबुतरखाने बंद करण्याचा निर्णय झाला, दादरच्या जुन्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली, आंदोलनं झाली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. दाणे घालणाऱ्यांचा भूतदयेचा भाव मी खोटा मानत नाही. पण ओसरीच्या कणसावर दहा चिमण्या येतात त्याला एक माप होतं, आणि पोतं ओतण्यात ते माप राहिलं नाही.

२०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिवस पाळला जातो. त्याची कल्पना नाशिकच्या एका संस्थेची. दिल्लीनं २०१२ मध्ये चिमणीला राज्यपक्षी केलं. लाकडी घरटी टांगणारे आता बरेच आहेत. भोक सव्वा इंचाचं असेल तर चिमणी शिरते, मोठं ठेवलं की साळुंकी ताबा घेते. घरटं उन्हात नको, पंख्याजवळ नको, मांजराला उडी घेता येईल अशा ठिकाणी नको. घरट्याबरोबर जवळ एखादं दाट झुडूप आणि थोडी मोकळी माती असली तर जोडी टिकण्याची शक्यता वाढते.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक किराणा दुकान आहे. त्याच्या शटरचा पत्रा ज्या पेटीत गुंडाळला जातो तिच्या कडेला हातभर पोकळी आहे आणि गेली चार वर्षं तिथे चिमणीचं घरटं असतं. विणीच्या दिवसांत दुकानदारकाका सकाळी आधी शटरवर दोनदा हलकेच थाप मारतात, चिमणी बाहेर पडून समोरच्या तारेवर बसली की मग दोन्ही हातांनी शटर हळूहळू वर ढकलतात. रस्त्यावर उभी असलेली गिऱ्हाइकं तोवर थांबून राहतात.