दीपाली, दिपाली आणि इंग्रजी स्पेलिंग: सगळ्या कागदांवर नाव एकसारखं कसं करून घ्यायचं

दीपाली हे नाव मराठीत कुणी दीर्घ 'दी'ने लिहितं, कुणी ऱ्हस्व 'दि'ने. इंग्रजीत डी-आय, डी-डबल ई, शेवटी आय नाहीतर डबल ई, अशी चार रूपं सहज होतात. हाक मारताना काही अडत नाही, पण आधारवर एक आणि पॅनवर दुसरं असलं की जोडणी अडते, बँकेची केवायसी परत येते. आणि आता हे तिच्यापुरतं राहिलेलं नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि आडनाव असा क्रम आहे. आईच्या नावातली चूक थेट बाळाच्या नावात उतरते. बाळंतपण जवळ आलं असेल तर हे काम आधी उरकाच.

पहिलं ठरवायचं ते हे, की कोणतं स्पेलिंग कायम ठेवायचं. माझं स्पष्ट मत: दहावी झाली असेल तर दहावीच्या प्रमाणपत्रावरचं. साताऱ्याचं आणि सांगलीचं बोर्ड कोल्हापूर विभागात येतं. तिथली दुरुस्ती शाळेमार्फतच जाते आणि शाळा सोडल्यावर ती फार अवघड होते. त्या मानाने आधार आणि पॅन बदलणं सोपं. मुलगी अजून शाळेत असेल तर जन्मदाखला घेऊन मुख्याध्यापकांना भेटा आणि जनरल रजिस्टरमधली, म्हणजे शाळेच्या प्रवेशाच्या मूळ वहीतली, नोंद तपासा. दहावीचा फॉर्म भरल्यावर प्री-लिस्ट, म्हणजे फॉर्ममधल्या माहितीची छापील यादी, सहीला येते, तेव्हा प्रत्येक अक्षर बोट ठेवून वाचा.

जन्मनोंदीत चूक असेल तर अर्ज जन्म झाला तिथेच करावा लागतो, राहत्या गावी नाही. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं, त्यामुळे इथे पुष्कळांची गल्लत होते. घर साताऱ्यात, पण जन्म मिरजेच्या दवाखान्यात झाला असेल, तर नोंद सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेकडे सापडेल. खेड्यात जन्म असेल तर ग्रामपंचायतीत. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ च्या कलम १५ नुसार निबंधक मूळ नोंद खोडत नाहीत. समासात दुरुस्ती लिहून तारखेसह सही करतात. अर्जासोबत जुना दाखला, आईवडिलांची ओळखपत्रं आणि बरोबर नाव असलेला शाळेचा कागद ठेवा. साधी लेखनचूक नसेल तर माहीतगार अशा दोन विश्वासू व्यक्तींचं निवेदनही मागतात.

आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून घाई नको. केंद्रावर पॅन, पासपोर्ट, मतदार ओळखपत्र असा बरोबर स्पेलिंगचा मूळ कागद न्या. स्कॅन करून परत देतात. लग्नानंतर आडनावही बदलायचं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र न्या आणि दोन्ही बदल एकाच वेळी करा, म्हणजे एक संधी वाचते. ऑपरेटर इंग्रजी टाइप करतो आणि मराठी नाव संगणक आपोआप उमटवतो. 'दीपाली'चं 'डिपाली' होतं ते तिथेच. सबमिट करण्याआधी स्क्रीनवरची दोन्ही नावं पाहा, नंतर पावतीवरही पाहा.

राजपत्र म्हणजे गॅझेट प्रत्येकीला लागत नाही, हे मुद्दाम सांगते, कारण पहिल्याच भेटीत गॅझेट करून घ्या असं सांगणारे एजंट भेटतात. एखाद्या अक्षराचा फरक असेल आणि बरोबर नावाचा एक भक्कम कागद हातात असेल, तर बहुतेक कामं त्यावर होतात. नावच बदलायचं असेल किंवा आधारवरच्या दोन्ही संधी संपल्या असतील, तेव्हा गॅझेट करा. अर्ज शासकीय मुद्रण विभागाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरतात. जुन्या नावाचा पुरावा, ओळखपत्र आणि फोटो लागतो. अठरा पूर्ण असतील तर स्वतः, नाहीतर पालकांनी अर्ज करायचा. गॅझेटमुळे जुनी गुणपत्रिका बदलत नाही, ती गॅझेटच्या प्रतीसोबत दाखवायची.

आधार सुधारल्यावर पॅन, मग बँक, मग रेशनकार्ड. सातबारा मराठीत असल्याने इंग्रजी स्पेलिंगचा तिथे प्रश्न नाही, पण ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर महसूल संहितेच्या कलम १५५ खाली लेखनप्रमादाची दुरुस्ती होते. तो अर्ज तहसीलदारांकडे जातो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कुठल्याच खिडकीवरून हलू नका.