व्याकरण मिशनऱ्यांचं, हगादा आपली

कोकणातल्या बेने इस्राएलांना, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंना, मिशनरी पहिल्यांदा भेटले, तेव्हा वाद घालायला त्यांच्या हाती ग्रंथच नव्हता. कुलाब्याच्या (आजच्या रायगडच्या) गावांतून तेल गाळणारी ही मंडळी. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावात नाव पडलं 'शनवार तेली'. सुंता, शब्बाथ (शनिवारचा विसावा), खाण्याचे नियम आणि 'शमा इस्राएल' ही तोंडपाठ प्रार्थना, एवढ्यावर धर्म पिढ्यान् पिढ्या टिकला होता. सणांची नावंसुद्धा घरची: योम किप्पूर (प्रायश्चित्ताचा दिवस) म्हणजे दारफाळणीचा सण, तिशा बेआव (यरुशलेमच्या मंदिराच्या नाशाचा उपास) म्हणजे बिरड्याचा रोजा. मुंबईत मांडवीला सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी १७९६ मध्ये सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, बांधलं. लोक त्याला मशीदच म्हणत आणि मस्जिद स्टेशनाचं नाव त्यावरूनच आलं. पण तोराह, म्हणजे मोशेचं धर्मशास्त्र, उघडून तिचा अर्थ सांगेल असा माणूस विरळाच.

ही उणीव मिशनऱ्यांनी हेरली. अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले. त्यांच्या शाळांत बेने इस्राएल मुलं बसू लागली आणि पुढे मास्तर म्हणूनही बेने इस्राएल लागले. १८२६ मध्ये मायकेल सार्जन आला. हा जन्माने कोचीनचा ज्यू, पुढे ख्रिस्ती झालेला. त्याला पाठवणारी लंडनची संस्था १८०९ मध्ये केवळ ज्यूंना ख्रिस्ती करण्यासाठी निघाली होती आणि तिच्या उभारणीत पुढे असलेला जोसेफ फ्रे हाही जन्माने ज्यूच. ज्यूकडे ज्यूलाच पाठवायचं, ही रीत तिथपासूनची.

१८२९ मध्ये स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन आले. त्यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण काढलं, तेही बेने इस्राएलांसाठी. अटकळ सरळ होती: हे लोक मूळ हिब्रू वाचतील, संदेष्ट्यांची भाकितं पाहतील आणि येशूपाशी येऊन पोचतील. हीच अटकळ फसली. हिब्रू येऊ लागल्यावर मिशनरी दाखवत ते वचन मुळात कसं आहे, हेही दिसू लागलं.

यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं ७:१४ घ्या. मराठी बायबलात 'कुमारी' गर्भवती होईल असं आहे आणि ते येशूच्या जन्माचं भाकीत म्हणून दाखवतात. मूळ शब्द 'आल्मा', म्हणजे तरुण स्त्री. पुरुषस्पर्श न झालेली असं नेमकं सांगायचं तर 'बेतुला' हा शब्द आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोनच वचनं पुढे जायचं. ते मूल बरंवाईट ओळखू लागण्याआधी यहूदाच्या आहाज राजाला धास्ती घालणाऱ्या दोन राजांचा देश ओसाड पडेल, असं तिथे म्हटलंय. सातशे वर्षांनंतरच्या जन्माची खूण आहाजच्या काय कामाची?

स्तोत्र २२ मध्ये 'माझे हातपाय विंधले' हे वचन येशूच्या क्रूसाची खूण म्हणून दाखवतात. ज्यूंच्या हिब्रू पाठात तिथे 'काआरी', 'सिंहासारखे' आहे. इथे नवखा माणूस हमखास अडखळतो, कारण ख्रिस्ती बायबलातलं सोळावं वचन हिब्रूत सतरावं आहे. यशयाच्या नवव्या अध्यायातही असंच: तिकडचं सहावं ते इकडचं पाचवं. आकड्यावरून शोधलं तर भलतंच वचन हाती लागतं आणि समोरचा म्हणतो, तुमच्या पुस्तकातून काढून टाकलंय.

यशया ५३ मात्र अवघड. तिथला सोसणारा 'सेवक' म्हणजे इस्राएल लोक, असा राशी या मध्ययुगीन ज्यू भाष्यकाराचा अर्थ आहे आणि त्याला ४१:८ व ४९:३ यांचा आधार आहे. तिथे सेवकाला नावानेच इस्राएल म्हटलंय. पण 'हा अध्याय कुणाही ज्यूने मसीहाला (येणाऱ्या तारणाऱ्याला) लावला नाही' असं ठोकून देणारा हरतो, कारण तार्गुम, म्हणजे हिब्रू बायबलचा जुना अरामी अनुवाद, तो मसीहालाच लावतो. फक्त सोसणं त्याच्यावर न घालता इतरांवर घालतो. आपली बाजू मांडताना एवढं तरी माहीत असावं.

वचनांच्या वादापलीकडेही एक गोष्ट होती. बाप्तिस्मा म्हणजे भावकी, रोटी-बेटी, सगळं तुटणं. १८३९ मध्ये विल्सन यांनी दोन पारशी मुलांना बाप्तिस्मा दिला तेव्हा मुंबईत केवढं रान उठलं! बेने इस्राएलांतून फारच थोडे गेले. शिकले मात्र पुष्कळ, आणि त्या शिकण्याचं ऋण हैम सॅम्युएल केहिमकरांनी आपल्या इतिहासात मोकळेपणाने मानलं आहे. याच केहिमकरांनी १८७५ मध्ये मुंबईत समाजाची स्वतःची शाळा काढली. हिब्रू शिकायला आता येशूचा धडा घोकण्याची गरज उरली नाही.

ज्यूंची तक्रार ख्रिस्ती माणसाने आपला धर्म सांगण्याबद्दल फारशी नसते. ती वेषांतराबद्दल असते. मोइशे रोझेन या जन्माने ज्यू असलेल्या बॅप्टिस्ट पाद्र्याची 'ज्यूज फॉर जीझस' ही संघटना १९७३ मध्ये अमेरिकेत उभी राहिली. या वळणाच्या प्रचारात येशूचा 'येशुआ' होतो, तल्लीथ (प्रार्थनेची शाल) आणि मेनोरा (सात फांद्यांची समई) येतात, आणि ज्यूला सांगितलं जातं की धर्म सोडू नकोस, फक्त 'पूर्ण' हो. सार्जनच्या काळात निदान ख्रिस्ती झालो असं उघड म्हणावं लागे. इस्रायलच्या १९७७ च्या कायद्यातही प्रौढांना नुसता उपदेश करणं गुन्हा नाही. धर्म बदलण्यासाठी पैसा किंवा लाभ देणं गुन्हा आहे: देणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद, घेणाऱ्याला तीन.

इकडे १८७४ मध्ये पुण्यात पेसाखची हगादा, म्हणजे मिसरमधून सुटकेच्या सणाला घरी वाचायची पोथी, छापली गेली, हिब्रूसोबत मराठी अर्थ देऊन. तिच्या चित्रांत मात्सा, म्हणजे बिनखमिराची भाकरी, करणाऱ्या बायका आहेत, लुगडं नेसलेल्या.