बेवारस मृतदेहांची डीएनए ओळख (ठाणे-नवी मुंबई)

सडलेला मृतदेह, नुसती हाडं किंवा स्फोटात जळालेलं शरीर नेमकं कोणाचं हे डीएनए जुळवून ठरवायची पद्धत. पोलिसांच्या बोलण्यात नुसतं 'डीएनएला पाठवलं' एवढंच असतं. याच तंत्राने वर्षानुवर्षं पडून असलेल्या गुन्ह्यांचाही छडा लागतो. टीव्हीवाले त्याला कोल्ड केस म्हणतात, आपल्याकडे पोलीस स्टेशनला शब्द आहे 'ए समरी', म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही असा रिपोर्ट कोर्टात देऊन बाजूला ठेवलेली फाइल. नवा पुरावा आला की ती परत उघडता येते.

ठाणे-नवी मुंबईत हा विषय सगळ्यात आधी येतो तो खाडीमुळे. कळव्याच्या पुलावरून पाण्यात गेलेला माणूस ऐरोलीच्या खारफुटीत अडकेल की वाशी पुलाखाली निघेल हे भरती-ओहोटी ठरवते, आणि पाण्याला हद्द नसली तरी पोलिसांना असते. खाडीचा वरचा भाग ठाणे पोलिसांचा, पूर्वेचा काठ नवी मुंबईचा, पश्चिमेचा मुंबईचा, रुळांवर सापडला तर लोहमार्ग पोलीस. म्हणजे मिसिंगची तक्रार एका ठिकाणी आणि अकस्मात मृत्यूची नोंद भलत्याच ठिकाणी. त्यात खारं पाणी, उकाडा, खेकडे, त्यामुळे काही दिवसांत चेहरा जातो. मग आधी बघतात ते शर्टाच्या कॉलरवरचं टेलरचं लेबल, हातावर गोंदलेलं नाव, गळ्यातला ताईत, खिशातला पास. बोटांची कातडी शाबूत असेल तर ठसे. यातलं काहीच लागलं नाही की डीएनए.

तंत्र जुनं नाही. इंग्लंडमधल्या लेस्टर युनिव्हर्सिटीत अ‍ॅलेक जेफ्रीज यांना १९८४ मध्ये डीएनए फिंगरप्रिंट सापडला आणि दोन मुलींच्या खुनात त्याच्या जोरावर १९८८ मध्ये खुनाची पहिली शिक्षा झाली. गंमत म्हणजे त्या केसमध्ये डीएनएने आधी एका निर्दोष पोराला सोडवलं, त्याने एका खुनाची कबुली दिली होती तरी! भारतात हे काम हैदराबादच्या सीसीएमबी या सरकारी जीवशास्त्र संशोधन संस्थेत लालजी सिंग यांनी उभं केलं.

आता नेमकं करतात काय? माणसामाणसातला बहुतेक डीएनए सारखाच असतो, पण काही ठिकाणी एक छोटा तुकडा परत परत येतो आणि किती वेळा येतो ते माणसागणिक बदलतं. प्रत्येक ठिकाणी दोन आकडे, एक आईकडून एक बापाकडून. समजा एका ठिकाणी आईचे १३ आणि १४, बापाचे १२ आणि १५, आणि खाडीत सापडलेल्या मुलाचे १३ आणि १५, तर इथे जमलं. अशी वीसेक ठिकाणं ओळीने जमली की योगायोगाला फारशी जागा उरत नाही, आणि दोन-तीन ठिकाणी सरळ फिसकटलं की तो त्यांचा नाही. म्हणून आईबाप किंवा स्वतःची मुलं सगळ्यात भारी. सख्खा भाऊ लोकांना जवळचा वाटतो पण दोन भावांत एखाद्या ठिकाणी एकही आकडा सारखा नसतो असंही होतं, नुसत्या भावावर रिपोर्ट लंगडा पडतो.

हाडं फारच जुनी असतील तर मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीतला ऊर्जा तयार करणारा भाग) डीएनए बघतात, कारण पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात. तो फक्त आईकडून येतो. त्यामुळे इथे मामा, मावशी, मावसभाऊ चालतात, आत्या चालत नाही, मामेभाऊही नाही. पुरुषाचा वाय क्रोमोसोम बापाकडूनच मुलाला येतो, म्हणून त्यासाठी उलटं, काका आणि चुलतभाऊ चालतात. आपल्या मराठी नात्यांची नावं या कामाला इतकी फिट बसतात की इंग्रजीत नुसतं अंकल म्हटल्यावर लॅबवाल्याला परत विचारावं लागत असेल.

सडलेल्या शरीरातून मांस घेऊन फार उपयोग नसतो, मांडीचं हाड आणि दाढ घेतात. हाड वरून घासून साफ करायचं, द्रव नायट्रोजनमध्ये गार करून पीठ करायचं, मग रसायनाने कॅल्शियम विरघळवून आतला डीएनए काढायचा. इथे एक चूक महागात पडते, सॅम्पल फॉर्मेलिनमध्ये (अवयव टिकवायचं रसायन) ठेवलं की डीएनए खराब होतो. डीएनएचे नमुने मुंबईतल्या कलिनाच्या फॉरेन्सिक लॅबला जातात, तिथून येणाऱ्या कागदाला कोर्टात अजूनही सीए (केमिकल अ‍ॅनालायझर) रिपोर्टच म्हणतात.

डोंबिवली एमआयडीसीत २३ मे २०२४ ला केमिकल कंपनीत स्फोट झाला तेव्हा बरेच मृतदेह बघून ओळखायच्या स्थितीत नव्हते, नातेवाइकांचं रक्त घेऊन डीएनए जुळवावा लागला. १२ जून २०२५ च्या अहमदाबाद विमान अपघातातही हेच केलं. पण या सोप्या केस आहेत (घरच्यांना सोप्या नव्हेत), कारण कोण कोण आत होतं याची यादी बऱ्याच अंशी हातात होती.

खाडीतल्या बॉडीला यादी नसते आणि सगळं तिथेच अडतं. मशीन आकडे देतं, नाव देत नाही. बीड किंवा गोरखपूरहून कामाला आलेल्या माणसाच्या घरच्यांनी गावच्या पोलीस ठाण्यात मिसिंग दिलेली असेल तर ऐरोलीच्या हाडांशी ती जोडणार कोण? २०१९ च्या डीएनए विधेयकात बेपत्ता माणसं आणि अनोळखी मृतदेह यांची स्वतंत्र सूची होती, पण ते जुलै २०२३ मध्ये सरकारने मागे घेतलं. कॅलिफोर्नियात सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या खुनांचा आरोपी २०१८ मध्ये लांबच्या नातेवाइकांनी वंशावळीच्या साइटवर टाकलेल्या डीएनएवरून सापडला, तो निघाला माजी पोलीस. आपल्याकडे लोक असं काही साइटवर फारसं टाकत नाहीत, त्यामुळे ती वाट जवळपास बंदच.

आणि रिपोर्ट जुळला तरी कोर्टात सॅम्पल कोणाच्या हातून कुठे गेलं हे विचारतात. दिल्लीच्या छावला प्रकरणात (२०१२ चा बलात्कार आणि खून) नमुने बरेच दिवस पोलिसांच्या मालखान्यात, म्हणजे मुद्देमाल ठेवायच्या खोलीत, पडून राहिले, २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तिघांना सोडलं त्यामागे हेही एक कारण होतं. २०२५ मध्ये कोर्टाने सांगितलं की नमुने घेतल्यापासून ४८ तासांत लॅबला पोचले पाहिजेत.

बेवारस मृतदेहाचं दफन झालं असेल तर कोर्टाच्या किंवा मॅजिस्ट्रेटच्या परवानगीने उकरून परत सॅम्पल घेता येतं. दहन झालं आणि आधी दाढ-हाड राखलेलं नसेल तर विषय संपला. मग घरच्यांकडे एकच रस्ता उरतो, सात वर्षं माणसाचा काही पत्ता नाही असं दाखवून कोर्टातून तो मयत असल्याचं जाहीर करून घ्यायचं, आणि तोपर्यंत विमा, खोलीची नावावर बदली हे सगळं लटकलेलं.